गाव हलवले, गुन्हा विरला : 'नून ऑन डूम्सडे' या दूरचित्रवाणी नाटकाचे प्रकरण

२५ एप्रिल १९५६ च्या रात्री अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीवर 'युनायटेड स्टेट्स स्टील अवर' या मालिकेत 'नून ऑन डूम्सडे' नावाचे तासाभराचे नाटक थेट प्रक्षेपित झाले. लेखक होते रॉड सर्लिंग, वय वर्षे एकतीस. एका लहान गावात एका परक्या माणसाचा खून होतो, खुनी गावातलाच असतो आणि गाव त्याच्या पाठीशी उभे राहते, असा या नाटकाचा गाभा. या नाटकावर कोणी बंदी घातली नाही, कोणी न्यायालयात गेले नाही, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी ते दाखवले गेले. तरीही लेखकाने जे सांगण्यासाठी लेखणी हाती घेतली होती, त्यातले जवळजवळ काहीही त्या रात्री प्रेक्षकांपर्यंत पोहोचले नाही. परिनिरीक्षण (सेन्सॉरशिप) म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी मंडळ, त्याचे सदस्य आणि कापलेल्या वाक्यांची यादी येते. या प्रकरणात सरकारचा कोणताही माणूस कुठेही नव्हता, आणि म्हणूनच ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

आधी या मालिकांची व्यवस्था समजून घ्यावी लागेल. 'अँथॉलॉजी' म्हणजे एका नावाखाली दर आठवड्याला नवी कथा, नवी पात्रे, नवे नट असलेली स्वतंत्र नाटकांची मालिका. मे १९४७ मध्ये एनबीसीवर 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' सुरू झाले आणि पुढच्या सात-आठ वर्षांत 'फिल्को', 'गुडइयर', 'आर्मस्ट्राँग', 'वेस्टिंगहाउस स्टुडिओ वन' अशा नावांच्या मालिकांनी न्यूयॉर्कचे स्टुडिओ गजबजून गेले. या नावांकडे नीट पाहिले तर व्यवस्थेचे सगळे मर्म कळते, कारण त्यांतील प्रत्येक नाव चीज, रेडिओ संच, टायर, फरशी किंवा शीतकपाट विकणाऱ्या कंपनीचे आहे. आज वाहिनी कार्यक्रम तयार करते किंवा विकत घेते आणि त्यात जाहिरातदारांना सेकंदांच्या हिशेबाने जागा विकते. तेव्हा प्रायोजक कंपनी वाहिनीकडून अख्खा तास घेत असे, आणि त्या तासात काय दिसावे हे कंपनी व तिची जाहिरातसंस्था ठरवत असे. 'स्टील अवर'ची निर्मिती थिएटर गिल्ड ही ब्रॉडवेवरची नामांकित नाट्यसंस्था करीत होती, पैसा युनायटेड स्टेट्स स्टीलचा होता, आणि कंपनीच्या वतीने संहितेवर नजर ठेवण्याचे काम बीबीडीओ ही जाहिरातसंस्था करीत होती. लेखक, दिग्दर्शक आणि नट या तिघांच्या डोक्यावर असे तीन थर होते.

थेट प्रक्षेपणाचा ताणही लक्षात घ्यायला हवा. चित्रफितीवर मुद्रण करून नंतर दाखवण्याची सोय तेव्हा व्यवहारात आली नव्हती. नट एका स्टुडिओत, दोन-तीन कॅमेऱ्यांपुढे, घड्याळाच्या काट्यावर नाटक करीत. जे काही जतन झाले ते पडद्यावरील चित्राचे फिल्म कॅमेऱ्याने घेतलेले अंधूक चित्रण म्हणजे किनेस्कोप, आणि तेही अनेकदा पुढे टाकून देण्यात आले. बाह्यदृश्ये जवळपास अशक्य असल्यामुळे लेखकांनी चार भिंतींतले, माणसामाणसांतले, संवादांवर उभे राहणारे नाट्य शोधले, आणि त्यातूनच या काळातील उत्तम लेखन जन्माला आले. सर्लिंग हे त्या लेखकांत अग्रभागी होते. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनसारख्या लहान गावात वाढलेला हा ज्यू मुलगा दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपिन्समध्ये लढला, परत आल्यावर सिनसिनाटीत रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी लिहू लागला, आणि १२ जानेवारी १९५५ रोजी 'क्राफ्ट'वर सादर झालेल्या 'पॅटर्न्स' या नाटकाने एका रात्रीत देशभर ओळखला जाऊ लागला. ते नाटक इतके गाजले की ९ फेब्रुवारीला तेच नाटक पुन्हा थेट सादर करावे लागले. एकदा झालेले नाटक पुन्हा करण्याची प्रथाच नव्हती, हे ध्यानात घेतले तर त्या मागणीचे वजन कळते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यातील मनी नावाच्या खेड्याजवळून उचलून नेऊन एमेट टिलची हत्या करण्यात आली. टिल शिकागोचा, चौदा वर्षांचा, कृष्णवर्णीय मुलगा. सुट्टीत नातेवाइकांकडे आलेला. गावातल्या दुकानात एका गोऱ्या स्त्रीशी त्याने गैरवर्तन केल्याचा आरोप झाला आणि २८ ऑगस्टच्या पहाटे त्याला घरातून उचलून नेण्यात आले. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत त्याचा मृतदेह सापडला. सरकी काढण्याच्या यंत्राचा जड पंखा काटेरी तारेने त्याच्या गळ्याला बांधलेला होता. आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली आणि हजारो लोकांना मुलाचा छिन्नविच्छिन्न चेहरा पाहू दिला. त्या स्त्रीचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांच्यावर सप्टेंबरमध्ये खटला चालला. ज्यूरीतले बाराही जण गोरे पुरुष होते. तासाभराहून किंचित अधिक वेळात त्यांनी दोघांना निर्दोष ठरवले. १९५६ च्या जानेवारीत 'लुक' पाक्षिकात या दोघांनी पैसे घेऊन खुनाची कबुली दिली, कारण त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालण्याची भीती आता उरली नव्हती.

सर्लिंग यांना या घटनेत जे दिसले ते खुनाहून वेगळे होते, आणि पुढचे सगळे प्रकरण समजण्यासाठी तो फरक पकडायला हवा. खुनी कसा घडतो, हा प्रश्न त्यांना होताच. आपल्या निरर्थक आयुष्याचा राग कोणावर तरी काढण्यासाठी हाताशी सापडेल त्या दुबळ्या माणसाला बळी देणारा असंतुष्ट तरुण त्यांनी रंगवायला घेतला. पण खरा विषय होता तो गावाचा. खुन्याविषयी मनातून तिरस्कार असलेली साधी, चर्चला जाणारी, लेकराबाळांची माणसे बाहेरच्या जगाने बोट दाखवताच एकवटतात आणि 'नालायक असला तरी आपला आहे' म्हणून त्याला पाठीशी घालतात, ही ती गोष्ट. हे घडायला दोन गोष्टी लागतात. बळी असा हवा की गावाच्या मनात तो 'आपला' कधीच नव्हता; आणि गाव असे हवे की त्याला बाहेरच्यांच्या टीकेची जुनी, खोल जखम आहे. १९५५ च्या अमेरिकेत या दोन्ही गोष्टी एकत्र कुठे सापडतात, हे कोणाला सांगावे लागत नव्हते.

कृष्णवर्णीय बळी घेऊन हे नाटक दूरचित्रवाणीवर होणार नाही, याची जाणीव सर्लिंग यांना लिहितानाच होती. त्यामुळे संहितेत बळी म्हणून त्यांनी एक वृद्ध ज्यू सावकार घेतला. तारण ठेवून पैसे देणारा, गावात दुकान असलेला, पण गावाचा कधीच न झालेला. ही पहिली तडजोड त्यांची स्वतःची होती. मला ती तडजोड लेखक म्हणून प्रामाणिक वाटते. सर्लिंग स्वतः ज्यू कुटुंबातले होते, शाळेत असताना केवळ ज्यू असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने त्यांना दार बंद केले होते, आणि परकेपणाची ती बोच त्यांच्या अनुभवातली होती. गाव मात्र त्यांनी दक्षिणेतच ठेवले. म्हणजे बळी बदलला तरी द्वेषाचे कारण जिवंत होते आणि जागाही तीच होती. थिएटर गिल्ड आणि जाहिरातसंस्था यांनी ही संहिता स्वीकारली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. नाटक कशावर आहे हे ओळखणारे तिथे कोणी नसेल, असे मानणे कठीण आहे. पण जोवर ते मोठ्याने कोणी म्हटले नव्हते, तोवर ते चालण्यासारखे होते.

मोठ्याने म्हटले गेले ते एका मुलाखतीत. प्रक्षेपणापूर्वी एका वार्ताहराने कथानक ऐकून, हे टिल प्रकरणासारखे वाटते, असे म्हटले, आणि सर्लिंग यांनी तसे वाटत असेल तर वाटू द्या, अशा अर्थाचे उत्तर दिले. टिल प्रकरणावर नाटक येत आहे, अशी बातमी झाली. दक्षिणेत तेव्हा 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल' नावाच्या गोऱ्यांच्या संघटना जोमात होत्या. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवल्यानंतर त्याच जुलैमध्ये मिसिसिपीतील इंडियानोला येथे यातील पहिली संघटना निघाली होती, आणि बँकेचे कर्ज, नोकरी, दुकानाची उधारी यांच्या दोऱ्या आवळून विरोधकांना नमवणे ही तिची कार्यपद्धती होती. कंपनीकडे निषेधाची पत्रे येऊ लागली आणि बहिष्काराची धमकी आली. याच महिन्यांत अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीय नागरिक रोज मैलोन्‌मैल चालत, शहर-बसगाड्यांवर डिसेंबरपासून घातलेला आपला बहिष्कार टिकवून होते. एकाच वेळी, एकाच प्रदेशात, एकच शब्द दोन बाजूंनी वापरला जात होता. एका बाजूला त्यासाठी माणसे पायपीट करीत होती आणि दुसऱ्या बाजूला त्यासाठी पोस्टाचे तिकीट पुरत होते.

युनायटेड स्टेट्स स्टीलवर बहिष्कार म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सर्लिंग यांनी जाहिरातसंस्थेच्या लोकांना सरळ विचारला होता. टेनेसीपासून खाली दक्षिणेत यापुढे सगळे बांधकाम ॲल्युमिनियमचे होणार काय, असे त्यांनी विचारल्याचे नंतर लिहून ठेवले आहे. प्रश्न रास्त होता. चीज किंवा शीतकपाट घरात येते, गृहिणी ते घेते किंवा घेत नाही. पोलादाची तुळई कोणी दुकानातून आणत नाही. शिवाय अलाबामातील बर्मिंगहॅम येथे या कंपनीचे स्वतःचे भलेमोठे कारखाने होते, १९०७ पासून. म्हणजे दक्षिणेला कंपनीची जेवढी गरज होती, तेवढीच कंपनीला दक्षिणेतल्या मजूर, राजकारणी आणि स्थानिक मालकवर्गाशी संबंध नीट राखण्याची. जाहिरातसंस्थेकडून मिळालेले उत्तरही याच दिशेचे होते: चिंता विक्रीची नाही, लोकसंबंध ताणले जाण्याची आहे. हे उत्तर मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटते. ज्या कंपनीला घरोघरी काही विकायचेच नाही, ती नाटकांवर पैसा का खर्च करते? आपल्याविषयी चांगले मत तयार व्हावे म्हणून. आणि जिने केवळ चांगल्या मतासाठी तास विकत घेतला आहे, तिला एकाही प्रेक्षकाची कपाळावरची आठी परवडत नाही. विक्रीचे नुकसान मोजता येते आणि म्हणून सोसताही येते. नाराजी मोजता येत नाही, म्हणून तिची भीती अमर्याद होते.

यानंतर सुरू झाल्या बैठका. संहिता तीस वेगवेगळ्या लोकांच्या नजरेखालून गेली आणि आठवड्याहून अधिक काळ आपण दिवसाला किमान दोन बैठकांना बसून काय बदलायचे याची टिपणे घेत होतो, असे सर्लिंग यांनी नमूद केले आहे. 

बळीपासून सुरुवात झाली. वृद्ध ज्यू ही ओळख फारच नेमकी ठरली आणि त्याच्या जागी 'एक परदेशी' आला, ज्याचा देश, धर्म, भाषा काहीच सांगितलेले नाही. तेवढीही सूट लेखकासाठीच ठेवली होती, कारण अल्पसंख्य समाजाचा सुगावाही लागू नये, असा जाहिरातसंस्थेचा आग्रह होता. मग गाव हलले. दक्षिणेतून उचलून ते थेट न्यू इंग्लंडमध्ये, देशाच्या ईशान्य कोपऱ्यात नेऊन ठेवण्यात आले, आणि प्रेक्षकांच्या मनात शंका राहू नये म्हणून नाटकाच्या आरंभीच तिथल्या धर्तीच्या पांढऱ्या चर्चचा मनोरा दाखवायचे ठरले. 'लिंच', म्हणजे जमावाने केलेली हत्या, हा शब्द काढला गेला. दक्षिणी बोलीचा वास येईल अशी संवादांतील वळणे सरळ करण्यात आली. खुनी हा विकृत असंतुष्ट माणूस नसून क्षणभर पाय घसरलेला एक भला अमेरिकन तरुण असावा, अशीही सूचना आली. ती थोपवण्यासाठी आपल्याला हातघाईवर यावे लागले, असे सर्लिंग सांगतात.

आणि मग कोकाकोलाची बाटली. नेपथ्यात कुठेतरी ती असणार होती. कोकाकोला हे पेय जॉर्जिया राज्यातील अटलांटाचे, पण १९५६ मध्ये ते मेन राज्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रत्येक दुकानात मिळत होते आणि न्यू इंग्लंडमधल्या कोणत्याही गावात ते मेजावर दिसले असते तर कोणाची भुवई उंचावली नसती. तरी ती बाटली काढायला लावण्यात आली, कारण तिच्यामुळे दक्षिणेची आठवण होईल. या एका तपशिलापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. बळी कोण, गाव कोणते, हे बदल क्रूर असले तरी त्यामागचे कारण समजते. कोणीतरी दुखावले जाईल, असा हिशेब तिथे मांडता येतो. बाटलीपाशी हिशेब संपलेला आहे. ती पाहून दुखावला जाणारा माणूस अस्तित्वातच नाही. तिथे तीस लोकांच्या त्या खोलीत भीती स्वतःच्या बळावर चालू लागली आहे, आणि ज्याने बोट दाखवले त्याला 'राहू द्या हो' म्हणण्याचे धैर्य इतर एकोणतीस जणांतील कोणात उरलेले नाही, कारण राहू दिले आणि एक पत्र आले, तर ते त्याच्या नावावर चढणार.

हे बदल एकेकटे घेतले तर प्रत्येकाला उत्तर होते. परदेशी माणसाचाही द्वेष होतोच की. न्यू इंग्लंडमध्येही संकुचित गावे आहेतच की. एक शब्द गेला तर काय बिघडले? बैठकीत लेखक नेहमी हरतो तो याच ठिकाणी. पण सगळे बदल एकत्र ठेवले की काय झाले ते दिसते. बळीची ओळख गेल्यामुळे द्वेषाचे कारण गेले. गाव हलल्यामुळे बाहेरच्यांच्या टीकेने एकवटण्याचे कारण गेले. न्यू इंग्लंडच्या त्या गावाला बाहेरून बोट दाखवणारे कोण होते? ही दोन कारणे म्हणजेच नाटक होते. जे उरले ते एका माथेफिरूने केलेला खून आणि का कोण जाणे त्याला वाचवणारे लोक. प्रक्षेपण झाले ते कोमट, सत्त्व काढून घेतलेले नाटक होते, हा निर्वाळा स्वतः लेखकाने नंतर दिला. गाव उत्तरेकडे सरकवणाऱ्यांनी ते अलास्कापर्यंत किंवा उत्तर ध्रुवावरही नेले असते, केवळ कपड्यांची अडचण आली म्हणून थांबले असावेत, असेही ते म्हणाले.

या ठिकाणी एका दुसऱ्या नाटकाची तुलना उपयोगी पडते, कारण तडजोड केली की नाटक मेलेच, असा निष्कर्ष घाईचा होईल. दोन वर्षे आधी, १५ मार्च १९५४ रोजी, रेजिनल्ड रोझ यांचे 'थंडर ऑन सिकॅमोर स्ट्रीट' हे नाटक 'स्टुडिओ वन'वर झाले होते. १९५१ मध्ये शिकागोलगतच्या सिसेरो गावात एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले तेव्हा हजारोंच्या जमावाने त्या इमारतीवर हल्ला केला होता आणि नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव सैन्य बोलवावे लागले होते. रोझ यांना ते मांडायचे होते. कृष्णवर्णीय कुटुंब चालणार नाही, असे वरून सांगण्यात आले. रोझ यांनी त्याऐवजी तुरुंगातून सुटून आलेला माणूस घेतला. पण त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली: शेजारी ज्याला हाकलायला निघाले आहेत तो माणूस नेमका कोण, हे त्यांनी नाटकाच्या उत्तरार्धापर्यंत सांगितलेच नाही. बराच वेळ प्रेक्षकासमोर आहेत ती केवळ कुजबुजणारी, एकमेकांना भरीस घालणारी, सभ्य घरांतली माणसे. तो कृष्णवर्णीय असेल, ज्यू असेल, आणखी कोणी असेल, हे ज्याने त्याने आपापल्या मनात भरले, आणि प्रत्येकाने आपल्या गल्लीत कोणाविषयी असे बोलले जाते तेच भरले असणार. रिकामी जागा दोन्ही नाटकांत आहे. रोझ यांनी ती स्वतः आखली, तिच्याभोवती नाटक बांधले आणि प्रेक्षकाला आत ओढले. सर्लिंग यांच्या नाटकात ती बांधकाम पूर्ण झाल्यावर दुसऱ्यांनी पाडली, आणि आढे ज्या खांबावर होते तोच खांब नेमका गेला. शिवाय सिसेरोची गल्ली अमेरिकेत कुठेही असू शकते. मनीचे गाव कुठेही असू शकत नाही.

सर्लिंग यांनी हार मानली नाही. दोन वर्षांनी त्यांनी हाच विषय पुन्हा घेतला, या वेळी सीबीएसच्याच 'प्लेहाउस ९०' या दीड तासाच्या मालिकेसाठी. १९ जून १९५८ रोजी सादर झालेल्या 'अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट' या नाटकाचे दिग्दर्शन जॉन फ्रँकनहायमर यांनी केले आणि रॉड स्टायगर त्यात शेरीफ होते. आता गाव १८७० च्या दशकातील नैर्ऋत्य अमेरिकेत गेले आणि बळी मेक्सिकन तरुण झाला. बदलांच्या फेऱ्या पुन्हा झाल्या, आणि नाटक कॅमेऱ्यापुढे जाईपर्यंत आपल्या संहितेचीच धूळ झाली होती, अशी व्यथा त्यांनी शीर्षकातलाच शब्द घेऊन बोलून दाखवली. तरीही माझ्या मते या दुसऱ्या प्रयत्नात 'नून ऑन डूम्सडे'पेक्षा बरेच काही शाबूत राहिले. काळ दूर गेला, पण द्वेषाला नाव मिळाले, बळीला चेहरा मिळाला आणि धुळीने भरलेल्या त्या गावाला आपण काय केले हे पाहावे लागले. ऐंशी वर्षांपूर्वीचा झुंडबळी दाखवायला प्रायोजकांची हरकत कमी होती, एवढा धडा लेखकाने मनात टिपून ठेवला असावा.

अशा घटना एकट्या सर्लिंग यांच्याच वाट्याला आल्या असे नाही, आणि त्या नेहमी एवढ्या गंभीरही नव्हत्या. सिगारेट-लायटर बनवणारी कंपनी प्रायोजक असल्यामुळे त्यांच्याच एका नाटकातून काडेपेटी मागणारे साधे वाक्य गाळले गेले होते. १६ एप्रिल १९५९ रोजी 'प्लेहाउस ९०'वर न्यूरेंबर्गच्या खटल्यावरील नाटक झाले तेव्हा त्या रात्रीच्या प्रायोजकांत अमेरिकन गॅस असोसिएशन होती. छळछावण्यांतल्या हत्याकांडाच्या वर्णनात 'गॅस' हा शब्द आला की थेट प्रक्षेपणातच तो आवाज बंद करण्यात आला. नटांचे ओठ हलत राहिले आणि घराघरांत क्षणभर शांतता पसरली. निदान त्या शांततेने प्रेक्षकांना सांगितले की इथून काहीतरी काढून घेतले आहे. 'नून ऑन डूम्सडे'ने तेवढेही सांगितले नाही. त्यातल्या सगळ्या जागा नीट बुजवलेल्या होत्या.

२२ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी पत्रकार माइक वॉलेस यांनी सर्लिंग यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तुम्ही हे सगळे बदल मान्य केलेत का, या प्रश्नावर सर्लिंग यांनी आडपडदा न ठेवता 'हो' म्हटले. विरोध केला, भांडलो, पण शेवटी काहीच न बोलण्यापेक्षा काहीतरी बोललेले बरे, अशी स्वतःची समजूत घातली, असे त्यांनी सांगितले. या उत्तराचा मला आदर वाटतो. संहिता मागे घेण्याचा मार्ग त्यांना उघडा होता. पण सर्लिंग हे घर, मुले आणि हातातली कामे असलेले व्यावसायिक लेखक होते. त्यांनी जे केले ते त्यांच्या जागी बहुतेकांनी केले असते, आणि बहुतेकांनी ते नंतर असे उघड कबूल केले नसते.

दहाच दिवसांनी, २ ऑक्टोबर १९५९ रोजी, 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाले. तीही दर आठवड्याला नवी कथा सांगणारी मालिका, पण मुख्यतः फिल्मवर चित्रित झालेली, आणि निर्मितीची सूत्रे सर्लिंग यांच्या हाती असलेली. या मालिकेत आपण चालू सामाजिक प्रश्नांत शिरणार नाही, असे त्यांनी वॉलेस यांना सांगितले होते. पूर्वी एकदा सिनेटवरील नाटकात सिनेटरांना एकाही खऱ्या प्रश्नावर बोलू दिले गेले नाही, तेव्हा ते नाटक २०५७ सालात घालून सिनेटमध्ये यंत्रमानव बसवले असते तर अधिक प्रौढ नाटक झाले असते, असे त्यांनीच लिहिले होते. आता ते त्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले. मालिकेच्या १५६ भागांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले. ४ मार्च १९६० च्या भागात मेपल स्ट्रीट नावाच्या गल्लीतले दिवे जातात आणि शेजारी एकमेकांतला परग्रहवासी शोधत एकमेकांच्या जिवावर उठतात. त्यावर कोणाचे निषेधपत्र येण्याचे कारण नव्हते, कारण परग्रहवासीयांची संघटना नव्हती.

मार्च १९६४ मध्ये याच मालिकेत त्यांनी एका लहान गावाची गोष्ट सांगितली. सकाळी एका माणसाला फाशी द्यायची आहे, गाव ते पाहायला उत्सुक आहे, आणि त्या दिवशी सूर्य उगवत नाही. फाशी होते, अंधार आणखी दाटतो. गावातले लोक रेडिओभोवती जमतात, आणि निवेदक असाच अंधार आणखी कुठे कुठे पडला आहे त्या ठिकाणांची यादी वाचू लागतो. आठ वर्षांपूर्वी ज्या लेखकाच्या मेजावर कोकाकोलाची बाटलीसुद्धा ठेवू दिली नव्हती, त्याने लिहिलेल्या त्या यादीत एक नाव स्पष्ट उच्चारले जाते: बर्मिंगहॅम, अलाबामा.